दोन शेजारी शहरे

मराठवाड्याचा नकाशा समोर घ्या. मनमाडहून सिकंदराबादकडे जाणारा लोहमार्ग बोटाने शोधा. त्या मार्गावर छत्रपती संभाजीनगर आणि जालना ही दोन शहरे तुम्हांला दिसतील. दोहोंमधील अंतर सुमारे ६० किलोमीटर आहे. पहिल्या शहराचे नाव २०२३ पर्यंत औरंगाबाद असे होते. जुन्या काळाविषयी सांगताना या पाठातही ते नाव येईल.

दोन्ही ठिकाणचे ऊन सारखे आणि पाऊसही सारखाच लहरी. आगगाडीसुद्धा दोन्ही गावांना १९०० च्या सुमारास, एकाच मार्गाने आली. तरीही २०११ च्या जनगणनेत औरंगाबादची लोकसंख्या सुमारे पावणेबारा लाख भरली आणि जालन्याची दोन लाख पंच्याऐंशी हजार. एवढा फरक का पडला? आणि चौपट माणसे राहतात म्हणून ते शहर चौपट भरभराटीचे समजायचे का?

औरंगाबाद हे पहिल्यापासून राज्यकर्त्यांचे शहर. मलिक अंबरने १६१० मध्ये खडकी या गावी ते वसवले आणि जमिनीखालून नहरी आणून त्याला पाणी दिले. पुढे औरंगजेबाच्या काळात त्याला औरंगाबाद हे नाव मिळाले. जिथे दरबार तिथे अमीर-उमराव, आणि जिथे अमीर-उमराव तिथे कारागीर. हिमरूच्या शाली विणणारे कारागीर अशाच आश्रयावर जगले. दरबार गेला, पण सरकारी कचेऱ्या राहिल्या. १९५८ मध्ये येथे मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले. १९८१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाचे खंडपीठ आले. विभागीय आयुक्तांचे कार्यालय येथेच आहे. ज्याचा खटला आहे, ज्याला पदवी हवी आहे किंवा ज्याचा रुग्ण अत्यवस्थ आहे, त्याला या शहरात यावेच लागते. आलेला माणूस चहा पितो, रिक्षात बसतो, मुक्काम करतो. शहराच्या बाजाराला हे गिऱ्हाईक आपोआप मिळते. वेरूळ आणि अजिंठा पाहायला येणारे प्रवासी वेगळेच.

जालन्याला असे काही मिळाले नाही. १ मे १९८१ पर्यंत जालना हा औरंगाबाद जिल्ह्यातील एक तालुका होता. मात्र बाजारपेठ म्हणून त्याचा लौकिक जुना आहे. कापूस आणि धान्य यांच्या व्यापाराने गाव संपन्न झाले होते. लोक त्याला ‘सोन्याचा पाळणा’ म्हणत.

आता कारखान्यांकडे वळू. (कारखाना, मजूर, बाजार, नफा हे शब्द मराठीत भेटले की तुम्हांला परके वाटणार नाहीत.) औरंगाबादेत औद्योगिक विकास महामंडळाने आधी रेल्वे स्टेशनजवळ, मग चिकलठाणा, वाळूज आणि शेंद्रा येथे वसाहती उभारल्या. मागास भागात कारखाना काढणाऱ्यांना सरकारने करात सवलती दिल्या. विमानतळ जवळ होता. १९८५ मध्ये वाळूजला बजाज ऑटोचा कारखाना सुरू झाला आणि शहराचे रूप पालटले.

ते कसे, हे समजून घ्या. दुचाकी गाडीला शेकडो सुटे भाग लागतात. ते सगळे एकच कारखाना बनवत नाही. कोणी दिवे बनवतो, कोणी दांडे, कोणी रबराच्या चकत्या. हे भाग वेळेवर पोहोचावेत म्हणून ते बनवणारे जवळच कारखाने काढतात. अशा उद्योगांना पूरक उद्योग म्हणतात. त्यांना कुशल कामगार लागतात, म्हणून औद्योगिक प्रशिक्षण संस्था आणि अभियांत्रिकी महाविद्यालये यांना महत्त्व येते. कुशल कामगार मिळतात हे पाहून आणखी कंपन्या येतात. २००१ मध्ये शेंद्र्याला स्कोडा मोटारींचा कारखाना आला तो असाच तयार जागी. २०२४ मध्ये टोयोटा किर्लोस्करने याच शहरात कारखाना काढण्यासाठी राज्य सरकारशी करार केला.

जालन्याची गोष्ट निराळी आहे. तेथे मोठी कंपनी बाहेरून आली नाही. १९६४ मध्ये बद्रीनारायण बारवाले या जालन्याच्याच गृहस्थांनी ‘महिको’ ही बियाणे कंपनी काढली. त्यांची सुरुवात भेंडीच्या बियाण्यापासून झाली होती. पुढे ज्वारी, बाजरी, कापूस यांची संकरित बियाणे तयार होऊ लागली. १९९८ मध्ये त्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला.

संकरित बियाणे कारखान्यात यंत्रातून निघत नाही. ते शेतात होते. कापसाचेच उदाहरण घ्या. संध्याकाळी कळी उमलण्याच्या बेतात असते, तेव्हा तिच्यातील पुंकेसर हाताने काढून टाकतात. दुसऱ्या दिवशी सकाळी दुसऱ्या जातीच्या फुलातील पराग त्या फुलाला लावतात. हे प्रत्येक कळीला करावे लागते! म्हणून या धंद्यात शेतमजुरांना, विशेषतः स्त्रियांना, पुष्कळ काम मिळते. कंपनी शेतकऱ्याशी आधी ठराव करते आणि तयार झालेले बी विकत घेते. शेजारच्या बुलढाणा जिल्ह्यातील देऊळगाव राजाच्या परिसरात शेतकरी जाळीच्या मांडवाखाली भाजीपाल्याचे बियाणे पिकवतात, तेही असेच. म्हणजे जालन्याचा हा उद्योग शहराच्या वेशीवर थांबत नाही, तो शिवारापर्यंत पसरलेला आहे. लोकसंख्येच्या आकड्यात ही गोष्ट दिसत नाही.

जालन्याचा दुसरा उद्योग पोलादाचा. जवळपास लोखंडाची खाण नाही, कोळशाचीही नाही. मग पोलाद कशाचे? भंगाराचे. मोडीत निघालेले लोखंड विजेच्या भट्टीत वितळवतात, त्याचे लांबट ठोकळे ओततात. त्यांना बिलेट म्हणतात. तापलेले बिलेट रोलिंग मिलमधून ओढले की बांधकामाची सळई तयार होते. दूरदूरच्या इमारतींत जालन्याची सळई आहे. हा धंदाही मुख्यतः स्थानिक व्यापाऱ्यांनी वाढवला. भट्टीवरचे काम मात्र फार कष्टाचे आणि धोक्याचे असते. ते करायला उत्तर प्रदेश आणि बिहारमधून मजूर येतात. शहराच्या संपत्तीचा हिशेब करताना या मजुरांचा घाम कोणी मोजत नाही, हे मला खटकते.

एका शहराने उद्योग पाहुण्यासारखे बोलावले, दुसऱ्याने ते घरी वाढवले. यात चांगले कोणते? एका वाक्यात उत्तर देता येणार नाही. पाहुणा येतो तेव्हा तंत्र, भांडवल आणि पगाराच्या नोकऱ्या घेऊन येतो. पण त्याचे निर्णय दूरच्या शहरात होतात. घरचा उद्योग गाव सोडून सहज जात नाही, पण तोही संकटातून सुटत नाही. विजेचा दर वाढला की जालन्याच्या भट्ट्यांची चिंता वाढते. पाऊस हुकला की बियाण्याची मागणी घटते. दोनच मोठ्या धंद्यांवर उभ्या असलेल्या गावाला हे दोन्ही घाव एका वर्षी बसू शकतात. छत्रपती संभाजीनगरात गाड्या, औषधे, पर्यटन, शिक्षण असे अनेक आधार आहेत. २०१८ मध्ये व्हिडिओकॉन कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली, तेव्हा तिच्या चितेगाव येथील कामगारांचे हाल झाले. पण शहर थांबले नाही. माझ्या मते मोठ्या शहराचे खरे बळ यात आहे, त्याच्या आकारात नव्हे.

तरुण मुलांचा ओढा कुठे आहे, हेही पाहा. जालन्याचा मुलगा शिकायला आणि नोकरीला सहसा छत्रपती संभाजीनगरला जातो. उलट दिशेने फार थोडे जातात. स्वतःचा व्यापार करायचा असेल, तर मात्र जालन्याची पेठ आजही माणसाला धरून ठेवते. मुंबई-नागपूर समृद्धी महामार्ग दोन्ही शहरांजवळून जातो. त्याचा नागपूर ते शिर्डी हा भाग डिसेंबर २०२२ मध्ये खुला झाला. जालन्याची सळई आता लवकर पोहोचते, आणि जालन्याचा मुलगाही लवकर निघून जातो.

राहता राहिले पाणी. २०१२-१३ च्या दुष्काळात जालन्याने टँकरवर दिवस काढले. मोठ्या शहरातही अनेक वर्षे नळाला काही दिवसांआड पाणी येत असे. दोघांचीही भिस्त गोदावरीवर पैठणला बांधलेल्या जायकवाडी धरणावर आहे. तो जलाशय भरतो नाशिक आणि अहिल्यानगर जिल्ह्यांत पडलेल्या पावसाने. म्हणून पावसाळ्यात दोन्ही शहरांतील माणसे वर्तमानपत्र उघडताच धरणात किती टक्के पाणी आले, ते आधी वाचतात.