वेठीचा दुसरा मैल
रोमन अमलात शिपायाने फर्मावले, की वाटेवरच्या रयतेला त्याचे ओझे मैलभर वाहणे भाग पडे. ती वेठ सरल्यावर आपखुशीने आणखी एक मैल चालावे, हा येशूचा उपदेश. असा दुसरा मैल चालणारी माणसे प्रत्यक्षातही भेटतात. १८८३ साली इंग्लंडात वाँटेज येथील मठवासिनींच्या आश्रयास राहिलेल्या पंडिता रमाबाईंना, त्याच भगिनींनी लंडनमधील फुलम येथे चालविलेल्या आश्रमात, समाजाने पतित ठरवून बहिष्कृत केलेल्या स्त्रियांचा सांभाळ ममतेने होताना दिसला, तेव्हा ही माणसे एवढे कशासाठी करतात, असे त्यांनी विचारले. उत्तरादाखल एका भगिनीने विहिरीवर पाण्यास आलेल्या शोमरोनी स्त्रीशी येशू तिरस्कार न करता बोलला, ती कथा वाचून दाखविली. पुढे केडगावी रमाबाईंनी अशाच स्त्रियांसाठी कृपासदन काढले.