कामावर गेलेल्याचे घर

नळ सोडला की पाणी येते आणि कळ दाबली की दिवा लागतो. या गोष्टींची आपल्याला इतकी सवय झालेली असते की, त्यांच्यामागे कोणीतरी रात्रभर जागे असते हे सहसा ध्यानात येत नाही. ते ध्यानात येते संकटाच्या वेळी. पूर, भूकंप किंवा युद्धाचा प्रसंग ओढवला म्हणजे आपण सारे जिवाच्या भीतीने घराकडे धाव घेतो. आणि नेमक्या त्याच घटकेला काही माणसांना घर सोडून कामावर जावे लागते. आज आपण विचार करणार आहोत तो या माणसांच्या घरांचा.

जबलपूर शहराच्या पूर्वेस खमरिया आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या धामधुमीत तेथे दारूगोळ्याचा कारखाना उभारण्यात आला आणि त्याच्या आसपास कामगारांची घरे, शाळा, रुग्णालय असे एक छोटे गावच वसले. १ ऑक्टोबर २०२१ पासून हा कारखाना म्युनिशन्स इंडिया लिमिटेड या सरकारी कंपनीकडे असून तिचे मुख्य कार्यालय पुण्यास आहे. जेथे स्फोटक द्रव्ये हाताळली जातात तेथे सावधगिरीला सुटी नसते. २५ मार्च २०१७ रोजी या कारखान्यात एकामागून एक स्फोट झाले. ऑक्टोबर २०२४ मधील स्फोटात तर जीवितहानीही झाली. अशा ठिकाणी अग्निशामक दल, पहारा, पाणी, वीज आणि रुग्णालय यांपैकी एकही गोष्ट घटकाभर थांबून चालत नाही.

याच जबलपूरला २२ मे १९९७ रोजी, पहाटे सव्वाचारच्या सुमारास भूकंपाचा जबर धक्का बसला. सुमारे चाळीस माणसे मृत्युमुखी पडली, हजारो घरांना तडे गेले आणि कोसमघाटसारख्या खेड्यांत तर मोठी पडझड झाली. अशा रात्रीची आपण क्षणभर कल्पना करावी. मुलेबाळे अंगणात उघड्यावर बसलेली आहेत, घरात पाऊल टाकण्याचा धीर होत नाही आणि पंपघरावरील कामगाराला, वायरमनला, परिचारिकेला किंवा बंबावरील जवानाला कामावर निघावयाचे आहे. त्याने निघावे की थांबावे? कर्तव्य काय म्हणते हे त्याला ठाऊक असते. परंतु पाऊल उचलते ते घरच्यांविषयी मन निश्चिंत असेल तरच.

एक सेवा बंद पडली की तिच्यामागून दुसरी कशी कोलमडते, हे महाराष्ट्राने अनुभवले आहे. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेला भूकंप झाला. वीजनिर्मिती थांबली आणि दूरच्या मुंबईतील कारखाने बंद पडले. त्यापूर्वी १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले आणि त्याच्या लोंढ्याने खडकवासल्याचेही फुटले. पुणे शहराला पाणी पुरविणारा साठाच वाहून गेला. नदीला महापूर आणि घरात प्यावयास पाणी नाही, अशी पुणेकरांची स्थिती झाली. आदल्या रात्री जवानांनी पानशेतच्या बांधावर वाळूची पोती रचली नसती, तर धरण अंधारातच फुटले असते आणि प्राणहानी कितीतरी अधिक झाली असती. त्या जवानांनाही घरे होतीच.

भोपाळचे उदाहरण याहून हृदयद्रावक आहे. २ डिसेंबर १९८४ च्या रात्री विषारी वायू पसरू लागला तेव्हा रेल्वेचे उपस्टेशन अधीक्षक गुलाम दस्तगीर यांनी फलाटावर उभी असलेली, प्रवाशांनी भरलेली गाडी वेळेआधीच सोडावयास लावली आणि भोपाळकडे येणाऱ्या गाड्या अडविण्यासाठी आसपासच्या स्थानकांना सावध केले. ते स्वतः स्थानक सोडून गेले नाहीत. त्यांचे कुटुंब त्याच शहरात होते आणि त्या वायूची मोठी किंमत त्या घराने मोजली.

प्रत्येकाकडून असल्या त्यागाची अपेक्षा कोणी करणार नाही. मात्र त्यागाचा प्रसंगच कमी यावा, एवढी तयारी प्रत्येक घराला करता येते. तिला पैसा थोडा लागतो, आठवण मात्र सतत ठेवावी लागते.

प्रथम पाणी. माणशी दररोज निदान चार लिटर या हिशेबाने तीन दिवस पुरेल इतके पिण्याचे पाणी झाकून ठेवावे आणि ते वरचेवर बदलावे. विजेरी, तिचे जादा घट, नेहमीची औषधे, कोरडा शिधा आणि महत्त्वाचे कागद एका पिशवीत, हाताशी येईल अशा जागी असावेत. जड कपाटे भिंतीला घट्ट बसवावीत. झोपण्याच्या जागेवर वजनदार वस्तू टांगू नये. गॅसची टाकी व विजेचे मुख्य बटण बंद कसे करावे हे घरातील मोठ्या मुलांनाही शिकवावे. घर सोडावे लागल्यास सर्वांनी कोठे जमावयाचे, ती मोकळी जागा आजच ठरवून ठेवावी. परगावच्या एका नातेवाइकाचा दूरध्वनी क्रमांक सर्वांना पाठ असावा. गावातले फोन लागत नसले तरी बाहेरगावी निरोप पोहोचण्याचा संभव असतो. तातडीच्या मदतीसाठी ११२ हा क्रमांक आहे. केवळ चौकशीसाठी तो अडवून धरू नये.

दुसरी तयारी शेजाऱ्यांची. आपल्या आळीत संकटकाळी कामावर जावे लागणारे कोण कोण आहेत, हे आपणांस माहीत आहे काय? त्यांच्या घरी वृद्ध आईवडील किंवा तान्हे मूल असेल, तर "तुम्ही निश्चिंतपणे जा, घराकडे आम्ही पाहतो" असे सांगणारा एक शेजारी आधीच ठरलेला असावा. ७ मे २०२५ रोजी देशभर नागरी संरक्षणाचा सराव झाला, त्यात जबलपूरही होते. असा सराव म्हणजे मौज नव्हे. दिवे मालवावयाचे ते कसे आणि म्हाताऱ्या माणसाचा हात धरावयाचा तो कोणी, हे शिकण्याची ती संधी आहे.

पाळीचा भोंगा वाजल्यावर खमरियाचा कामगार डबा घेऊन निघतो, तेव्हा त्याच्या पाठीमागे त्याचे घर उभे असते. संकटाच्या रात्री ते घर स्वतःच्या पायावर उभे राहू शकले, तर त्याचे हात कामास मोकळे राहतात. आणि त्या हातांवरच शेकडो घरांचे पाणी, वीज व औषध अवलंबून असते. आपल्या घरात असे कोणी नसेल, तर शेजारी निश्चित असेल. येत्या रविवारी त्यांच्याकडे जावे आणि एवढेच विचारावे, "अडीअडचणीला मुलांना आमच्याकडे ठेवाल ना?"