अडवणे आणि जिरवणे : लहान विमानाच्या चाकांवरील आघातव्यवस्था व तिची मराठी परिभाषा

भूम, परंडा, बार्शी या टापूतील मोटारदुरुस्तीच्या दुकानांत 'शॉकअप' हा शब्द दिवसातून अनेकदा कानी पडतो. इंग्रजी 'शॉक अब्सॉर्बर' या संज्ञेचे ते देशी रूप होय. ट्रकच्या बाबतीत कारागीर 'पाटा' आणि 'शॉकअप' असा भेद करतो. पाटा तुटतो, शॉकअप गळतो. मोटारसायकलीच्या बाबतीत मात्र वेटोळ्याची स्प्रिंग आणि तिच्या पोटात बसविलेली तेलाची नळी या दोहोंना मिळून एकच नाव दिले जाते, आणि भेद लोपतो. वस्तुतः या दोन भागांची कार्ये परस्परांहून भिन्न आहेत. एक धक्का अडवितो व क्षणभर साठवितो. दुसरा तो नाहीसा करतो. रस्त्यावरील वाहनात हा नावांचा घोटाळा फारसा महाग पडत नाही. लहान विमानात तो महाग पडतो, आणि म्हणूनच येथे प्रथम यंत्राचा व नंतर शब्दाचा विचार करावयाचा आहे.

बालाघाटच्या मुरमाड उतारावरून चालणाऱ्या जुन्या बैलगाडीला आघातव्यवस्था नव्हतीच. धावेवर बसलेला दगडाचा धक्का पुठ्ठे, आरे, तुंबा या मार्गाने कण्याला आणि कण्यातून साट्याला जसाच्या तसा पोचत असे. गाडी तासाला चार-पाच किलोमीटर चाले, त्यामुळे ते सोसण्याजोगे होते. माणसे बसविण्याच्या टांग्याला मात्र कमानी घालाव्या लागल्या. विमानाचा प्रश्न याहून वेगळा आहे. त्याला आडव्या वेगाबरोबर उभा वेगही असतो, आणि तो उभा वेग चाक जमिनीला लागल्यापासून काही सेंटिमीटरांच्या अंतरात शून्यावर आणावा लागतो.

एक साधे गणित पाहिले म्हणजे या 'काही सेंटिमीटरां'चे महत्त्व ध्यानात येईल. १९३८ पासून बनू लागलेले पायपर जे-३ कब हे दोन आसनांचे विमान पूर्ण भारासह सुमारे ५५० किलोग्रॅम वजनाचे असते. ते सेकंदाला २ मीटर या वेगाने खाली येत जमिनीला टेकले, तर त्या उभ्या गतीतील ऊर्जा १,१०० ज्यूल होते. सर्व विमान सुमारे २० सेंटिमीटरांवरून, म्हणजे वीतभर उंचीवरून, सोडून दिल्यासारखेच हे आहे. चाके ताठ असती आणि केवळ टायर दबून २ सेंटिमीटरांत ही गती थांबली असती, तर सांगाड्यावर सरासरीने विमानाच्या वजनाच्या दसपट भार आला असता. तीच गती १० सेंटिमीटरांत थांबविली, तर सरासरी भार दुपटीवर येतो. वेग निम्मा केला तर ऊर्जा चतुर्थांश होते, ही गोष्ट वैमानिकाच्या हातची. उरलेले सारे चाकांवरील व्यवस्थेच्या हातचे.

परंतु अंतर मिळाले म्हणजे काम संपले असे नाही. साधी स्प्रिंग दबते तेव्हा तिचा विरोध आरंभी अल्प आणि शेवटी सर्वाधिक असतो; म्हणून दहा सेंटिमीटरांच्या अखेरीस भार दुपटीऐवजी चौपटीस पोचतो. याहून गंभीर बाब अशी की, साठविलेली ऊर्जा स्प्रिंग परत करते. विमान पुन्हा वर फेकले जाते. ज्या विमानाचे तिसरे चाक शेपटीखाली असते, त्याचा भारमध्य पुढील दोन चाकांच्या मागे पडतो. चाके आदळताच शेपूट खाली जाते, पंखांचा वाऱ्याशी होणारा कोन वाढतो आणि उचल वाढते. स्प्रिंगची उसळी व पंखांची उचल एकत्र येऊन विमान दोन-तीन मीटर वर जाते, तेथे त्याचा वेग संपतो आणि दुसरा आदळ पहिल्याहून कठोर बसतो. पाय मोडणे, पंख्याची पाती जमिनीला लागणे, विमान धावपट्टीबाहेर भरकटणे हे अपघात बहुधा दुसऱ्या वा तिसऱ्या उसळीत घडतात.

अलास्का व कॅनडा येथे धावपट्टीविना, नदीच्या वाळूवर वा गवताळ माळावर उतरणाऱ्या विमानांची परंपरा मोठी आहे. महाराष्ट्रातही आरंभीचे उड्डाण याहून फार वेगळे नव्हते. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून अहमदाबादमार्गे टपाल घेऊन जुहूस उतरले, तेव्हा ती जागा समुद्रकाठची सखल, मातीची होती. पावसाळ्यात तेथे पाणी साचत असल्याने ही टपालसेवा त्या काळात पुण्याला न्यावी लागे. त्यांचे विमान डी हॅविलंड कंपनीचे 'पस मॉथ' होते. त्याच्या पायांत एक मौजेची योजना होती. आघात घेणाऱ्या दांड्यांवरील निमुळती आवरणे वैमानिकाला नव्वद अंशांत फिरविता येत; आडवी झाली की ती वाऱ्याला अडवून वेग कमी करीत. लहान मैदानात उतरताना पायांकडूनच असे दुहेरी काम घेतले जाई.

कब जातीच्या विमानांत आघात घेण्यासाठी रबरी दोराची वळी वापरतात. रबराच्या अनेक बारीक धाग्यांची जुडी ताणून तिच्यावर सुती विणीचे घट्ट वेष्टण चढविलेले असते, आणि हे वळे पायाच्या दोन भागांवर गुंडाळलेले असते. चाक वर ढकलले गेले की वळे ताणले जाते. धागे एकमेकांवर व वेष्टणावर घासतात आणि रबर स्वतःही थोडी ऊर्जा गिळते, त्यामुळे या व्यवस्थेची उसळी पोलादी स्प्रिंगपेक्षा कमी असते. तरी बहुतांश ऊर्जा परतच येते. ही व्यवस्था हलकी, स्वस्त आणि आडरानात बदलता येण्याजोगी असल्यामुळे टिकून राहिली.

तिचा शत्रू काळ आहे. ऊन, तेलाचे थेंब, हवेतील ओझोन आणि सततचा ताण यांनी रबर मरते. मराठवाड्यात उन्हाळ्यात पारा चाळीस अंशांच्या वर जातो. अशा ठिकाणी उघड्यावर उभ्या केलेल्या विमानाचे रबर अधिक लवकर शिणते. म्हणून लष्करी प्रमाणाच्या दोरात वेष्टणातच रंगीत धागे विणून निर्मितीचे वर्ष व तिमाही सूचित केलेली असते. जाणत्या कारागिराला दोराचे वय धाग्यांवरून वाचता येते, ही एक प्रकारची लिपीच म्हणावयाची. विमान मोकळे उभे असताना पाय पूर्वीपेक्षा फाकलेले दिसणे, एक पंख दुसऱ्याहून खाली असणे, वेष्टण उसवणे ही जीर्णतेची लक्षणे होत. दोन्ही बाजूंची वळी एकाच वेळी बदलावी लागतात. एकच बदलल्यास विमान तिरके उभे राहते. वळे चढविताना ते खास अवजाराने ताणावे लागते, आणि ते निसटल्यास कारागिराचा हात मोडू शकतो. वळे उड्डाणात वा उतरताना तुटले तर पाय पूर्ण फाकू नयेत म्हणून जोडीला पोलादी तारदोर बांधलेला असतो. नव्या वळ्यांच्या हौसेत जुना, गंजलेला तारदोर तसाच ठेवणे ही हलगर्जी क्षम्य नव्हे.

पोलादी पट्टीचा पाय हा दुसरा मार्ग. अमेरिकेतील शर्यतीचे वैमानिक स्टीव्ह विटमन यांनी तो प्रचारात आणला व सेस्ना कंपनीने त्याचे हक्क घेऊन १९४६ च्या सेस्ना १२० व १४० या विमानांत वापरला. त्यात सांधा नाही, तेल नाही, रबर नाही. देखभाल जवळजवळ नाहीच, फक्त तडे व गंज पाहावयाचे. ऊर्जा नाहीशी करण्याची सोयही त्यात स्वतंत्र अशी नाही. पट्टी वाकते तेव्हा चाके बाहेर सरकतात आणि टायर जमिनीवर आडवे घासले जातात; ते घर्षण हीच काय ती सोय. कोरड्या डांबरावर ती बऱ्यापैकी चालते, ओल्या गवतावर फारशी नाही.

तिसरा मार्ग तेल व वायू यांच्या नळीचा. तोफेचा मागे येणारा झटका आवरण्याच्या यंत्रणेतून तो निघाला आणि ब्रिटनच्या व्हिकर्स कंपनीने १९१५ च्या सुमारास त्याचे स्वामित्व घेतले. एका नळीत दुसरी सरकते. आत खाली तेल, वर दाबलेला वायू. वायू दबून स्प्रिंगचे काम करतो, तर तेल एका बारीक छिद्रातून बळेच जाताना गतीचे उष्णतेत रूपांतर होते. वरील उदाहरणातील १,१०० ज्यूल ऊर्जा पाव किलो तेलाला सुमारे दोन अंशांनी तापविण्याइतकीच आहे. आदळ एवढी थोडी उष्णता होऊन संपतो आणि परत येत नाही. शिवाय छिद्रातील विरोध वेगावर अवलंबून असल्यामुळे तो आरंभापासूनच मोठा असतो. परिणामी १० सेंटिमीटरांच्या त्याच अंतरात सर्वाधिक भार वजनाच्या चौपटीऐवजी अडीचपटीच्या आसपास राखता येतो.

या व्यवस्थेच्या देखभालीत जी चूक सर्वांत घातक, तिचे मूळ थेट शब्दात आहे. अनेक वैमानिक-प्रशिक्षण संस्थांत वापरात असलेल्या सेस्ना १७२ या विमानाचे मागील पाय पोलादी, पण नाकाखालचा पाय तेल-वायूचा असतो. त्याचे रबरी कडे झिजून तेल गळते व विमानाचे नाक खाली येते. पाहणाऱ्याला वाटते, 'शॉकअप बसला'. तो वायू भरतो आणि नाक पूर्ववत वर येते. मोजपट्टी लावली तर उंची बरोबर भरते. परंतु गेलेले तेल परत आलेले नसते. आता त्या नळीत वायूची स्प्रिंग पूर्ण आहे, आघात नाहीसा करणारा भाग अपुरा आहे. विमान उभे असताना हे मुळीच दिसत नाही. दिसते ते पहिल्या कठोर अवतरणात. म्हणून क्रम असा की, विमान टेकूवर उचलून वायूचा दाब सोडावयाचा, तेलाची पातळी पूर्ण करावयाची, नळी वरखाली करून आतील बुडबुडे काढावयाचे आणि मग वायू भरावयाचा. वायू म्हणून साध्या हवेऐवजी नायट्रोजन घेतात; हवेत ओलावा असतो, आणि दाबाखाली तेलाच्या वाफेशी ऑक्सिजन असणे इष्ट नव्हे. नळीचा चकचकीत उघडा भाग प्रत्येक उड्डाणापूर्वी स्वच्छ फडक्याने पुसण्याची रीतही निव्वळ टापटिपीसाठी नाही. मराठवाड्यातील बारीक धूळ त्यावर बसून आत खेचली गेली, तर तीच रबरी कड्याला कापते.

रबरी वळ्यांच्या जागी पोलादी स्प्रिंग आणि तिच्या जोडीला तेल-नायट्रोजनची नळी बसविण्याची सुधारणा अलीकडे आडरानी विमानांत बरीच केली जाते, ती याच कारणासाठी. तिच्याबरोबर पुष्कळदा पाय लांब करतात व कमी दाबाचे मोठे टायर घालतात. येथे थोडी सावधगिरी हवी. मोठे टायर दगड-खड्डे सहज गिळतात हे खरे; पण ते स्वतः एक मोठी स्प्रिंग असून त्यांत तेलाची नळी नसते. ते बसवून उसळी घटेल अशी अपेक्षा करणे व्यर्थ होय, ती वाढण्याचाच संभव अधिक. नवा पाय जुन्याहून ताठ निघाला, तर पूर्वी रबरात राहणारा भार सांगाड्याच्या जोडांकडे जातो. असा बदल भारतात नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या मान्यतेवाचून करता येत नाही, आणि हे बंधन केवळ कागदी नाही.

आता शब्दाकडे वळावयाचे. 'सस्पेन्शन' या संज्ञेसाठी 'निलंबन' हा शब्द योजला तर मराठी वाचकापुढे यंत्राऐवजी घरी बसविलेला सरकारी नोकर उभा राहतो. 'धक्काशोषक' हे 'शॉक अब्सॉर्बर'चे शब्दशः भाषांतर मूळ संज्ञेतील दोषासकट मराठीत आले आहे. शोषलेली वस्तू आत राहते. ओले फडके पिळले की पाणी बाहेर येते. या अर्थाने स्प्रिंगही धक्का शोषतेच. पदार्थविज्ञानातील 'अवमंदन' ही संज्ञा नेमकी आहे. तथापि ती कारागिराच्या जिभेवर बसणारी नाही.

भूमसारख्या अवर्षणप्रवण तालुक्यात मात्र हा भेद दाखविणारी क्रियापदांची जोडी प्रत्येक शेतकऱ्याच्या तोंडी आहे. 'पाणी अडवा, पाणी जिरवा' या शासकीय घोषणेत ती एकत्र आली. बांधाने पाणी अडते. पण अडलेले पाणी जिरले नाही तर पुढच्या पावसात तेच बांध फोडून निघते. 'जिरणे' हे क्रियापद संस्कृत 'जॄ' या धातूशी संबद्ध असून 'जीर्ण', 'अजीर्ण' ही त्याचीच भावंडे. अन्न जिरते, पाणी जिरते, एखाद्याची खोड जिरते. या सर्व प्रयोगांत एक समान अर्थघटक आहे : जे जिरले ते आल्या वाटेने उलटत नाही. 'अडवणे', 'थोपवणे', 'शोषणे' यांपैकी कोणत्याही क्रियापदात तो नाही. दृष्टांताला मर्यादाही आहे. जिरलेले पाणी विहिरीला लागते, तेलात जिरलेला आघात कशालाच लागत नाही.

स्प्रिंगसाठी 'कमान' हा जुना शब्द पुरेसा आहे. दुसऱ्या भागासाठी 'जिरवणी' हा शब्द सुचविता येतो. चाळणे-चाळणी, गाळणे-गाळणी, किसणे-किसणी याप्रमाणे क्रियापदाला '-णी' लावून साधनवाचक नाम करण्याची प्रक्रिया मराठीत जिवंत आहे. हाच प्रत्यय 'पेरणी', 'कापणी' असा क्रियावाचकही असतो, ही अडचण खरी. पण 'जिरवणीतील तेल' अशा प्रयोगात वस्तूच अभिप्रेत आहे हे सहज कळते. १९६० साली स्थापन झालेल्या भाषा संचालनालयाच्या परिभाषाकोशांत 'अवमंदन' राहावे. कार्यशाळेतील तपासणीपत्रकात मात्र 'कमान' आणि 'जिरवणी' असे दोन वेगळे रकाने असावेत. पहिल्यात उभ्या विमानाची उंची लिहावयाची. दुसऱ्यात तेल किती घातले व कोणत्या तारखेस, ते.