वासरांचीं शिंगें आणि जनुकविद्या

आपल्या अहिल्यानगर जिल्ह्यांत, विशेषतः संगमनेर, राहाता या बाजूस, संकरित गाईंचा धंदा वाढला तसा मुक्तसंचार गोठाही वाढला. गाई मोकळ्या फिरूं लागल्या हें उत्तमच झालें. परंतु शिंगाळ गाई एकत्र सोडल्या म्हणजे एकमेकींस दुखापत करितात. म्हणून वासरूं लहान असतांनाच शिंगांचे कोंब तप्त लोखंडानें डागितात. हें काम बधिरतेचें औषध न टोंचतां केलें, तर वासराची होणारी तडफड पाहवत नाहीं.

हें दुःख मुळांतच टाळतां येईल काय? अँगस जातीचीं गुरें जन्मतःच भुंडीं असतात. या गुणाचें जनुक प्रबळ आहे. आईबापांपैकीं एकाकडून मिळालें तरी पुरतें. होल्स्टीन जातींत मात्र असे वळू थोडे. त्यांवरच भिस्त ठेविली तर सगोत्र पैदाशीचा दोष येण्याचें व दूध घटण्याचें भय असतें. यास्तव अमेरिकेंत रिकॉम्बिनेटिक्स कंपनीनें तें जनुक दुधाळ वंशाच्या पेशींत बसविलें, आणि 2015 सालीं स्पॉटिजी व बुरी हे दोन भुंडे गोऱ्हे जन्मले. पुढें 2019 सालीं तेथील अन्न व औषध खात्यास असें आढळलें कीं, या कामीं वापरलेल्या जंतूंच्या डीएनएचा तुकडाही नकळत आंत शिरला होता. हेतु दयेचा असला तरी तपासणी सुटतां कामा नये, हा यांतील बोध होय.

दुसरीही एक गोष्ट ध्यानांत ठेवावी. जनावराचें दुःख कमी करणें निराळें, आणि दाटीच्या गोठ्यांत बसावें म्हणून जनावरच बदलणें निराळें. भुंड्या गाईसही मोकळी जागा, सावली व पाणी हवेंच. शिवाय खिलाराचीं शिंगें हें त्याचें भूषण आहे. तीं घालविण्याचें कारण नाहीं.

तूर्त आपल्या हातीं दोन उपाय आहेत. कोंब डागणें अवश्य असेल तर तें वासरूं दोन महिन्यांचें होण्यापूर्वीं, पशुवैद्याकडून, बधिरतेचें व मागाहून वेदनाशामक औषध देववूनच करावें. तसेंच रेताची कांडी घेतांना जन्मतः भुंड्या वळूची मिळते काय, याची चौकशी करावी. वळूनें तें जनुक आईबाप दोघांकडून घेतलें असेल तर वासरें बहुधा सर्व भुंडीं, एकाकडूनच घेतलें असेल तर सुमारें निम्मीं भुंडीं निपजतात. मुक्या जिवाची एक वेदना टळली, तर तेवढी चौकशी सार्थकीं लागली असें समजावें.