कॉलेज सोडण्याआधी

वडिलांना अर्धांगवायूचा झटका येतो किंवा काढणीला आलेलं सोयाबीन पाण्यात कुजतं, आणि तिकडे पुण्यात खोली करून राहणारा मुलगा आधी मेसचा डबा बंद करतो. पुढच्या महिन्यात तो वर्गातही दिसत नाही. त्याने कुणाला काही विचारलेलं नसतं, कारण विचारून उपयोग नाही असं त्याला आधीच कुणीतरी सांगितलेलं असतं. ही सांगोवांगी फार महागात पडते, म्हणून ती तपासून पाहायला हवी.

‘महाडीबीटीची तारीख गेली, आता काही होत नाही.’ हा सगळ्यांत घट्ट बसलेला गैरसमज. शिष्यवृत्ती उत्पन्नाच्या दाखल्यावर चालते आणि तिचे पैसे खात्यात यायला महिने लागतात. जूनमध्ये दाखला काढला आणि नोव्हेंबरमध्ये वडील गेले, तर तो दाखला घरची खरी स्थिती सांगतच नाही. अशा वेळी शुल्काची पावती काढून ओळ न् ओळ वाचावी. विद्यार्थी कल्याण निधी, समूह विमा अशा नावांखाली दहा-वीस, पन्नास रुपये आपण प्रवेशाच्या वेळीच भरलेले असतात. मुंबई विद्यापीठाच्या शुल्कात तर आपत्ती निवारण निधी आणि कुलगुरू निधी अशाही नोंदी असतात. ज्यासाठी आपण पैसे भरले, त्याबद्दल विचारताना ओशाळायचं कारण नाही. 2016 च्या महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ कायद्याने विद्यापीठांत विद्यार्थी विकास मंडळ ठेवलं आहे आणि कॉलेजात त्याचं काम पाहणारे प्राध्यापक असतात. पुणे विद्यापीठाची ‘कमवा व शिका’ योजना याच मंडळामार्फत चालते. ग्रंथालयात, बागेत, कार्यालयात तासांवर काम आणि त्याचं मानधन. कर्मवीर भाऊराव पाटलांनी 1919 मध्ये रयत शिक्षण संस्था काढली तीच स्वावलंबनाच्या या विचारावर. त्यामुळे या कामात कमीपणा वाटून घेऊ नये.

‘मदत ठरावीक जातींनाच मिळते’ हेही खरं नाही. वार्षिक आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या खुल्या प्रवर्गातील कुटुंबांसाठी राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क योजना आहे, वसतिगृहाच्या खर्चासाठी पंजाबराव देशमुख निर्वाह भत्ता आहे. अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांना शासकीय वसतिगृहात जागा मिळाली नाही तर स्वाधार योजनेतून शहराप्रमाणे वर्षाला 60 हजारांपर्यंत रक्कम मिळते. तंत्रशिक्षण घेणाऱ्या अनाथ मुलांसाठी एआयसीटीईची वर्षाला 50 हजारांची ‘स्वनाथ’ शिष्यवृत्ती आहे.

दुष्काळाचं तर कित्येकांना माहीतच नसतं. 31 ऑक्टोबर 2023 ला राज्याने 40 तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला, तेव्हा दिलेल्या सवलतींत वीजबिल आणि कर्जवसुलीबरोबर विद्यार्थ्यांच्या परीक्षा शुल्काची माफीही होती. बापाला वीजबिलाची सवलत कळते, पण पोरगं शहरात परीक्षा शुल्कासाठी मित्राकडून उसने घेत असतं! आपला तालुका यादीत आला की गावातून कॉलेजला ते कळवायलाच हवं.

आता ज्या घरात कमावता माणूसच गेला, त्या घराबद्दल. ‘त्यांनी मागे काही ठेवलं नाही’ असं आई म्हणते आणि तिला तसंच वाटत असतं. पण त्यांचं बँकेचं पासबुक भरून आणावं आणि मे-जूनच्या नोंदी पाहाव्यात. 436 रुपये कापले गेले असतील तर ती प्रधानमंत्री जीवनज्योती विमा योजना, 20 रुपये कापले गेले असतील तर सुरक्षा विमा योजना. पहिलीत कोणत्याही कारणाने मृत्यू झाल्यास दोन लाख मिळतात, दुसरीत अपघाती मृत्यूला दोन लाख. खातं उघडताना घाईत सही केलेली असते आणि घरात कुणाला पत्ता नसतो. शेतकऱ्याचा मृत्यू अपघाताने झाला असेल, म्हणजे सर्पदंश, वीज पडणं, विजेचा धक्का हेही आलं, तर गोपीनाथ मुंडे योजनेतून दोन लाखांचं सानुग्रह अनुदान आहे. त्याचा अर्ज तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे करायचा आणि तोही लवकर. दारिद्र्यरेषेखालच्या कुटुंबाला राष्ट्रीय कुटुंबलाभ योजनेतून 20 हजार मिळतात. यातलं काहीही शैक्षणिक मदत म्हणून ओळखलं जात नाही, पण मुलीचं शेवटचं वर्ष यातूनच निघू शकतं. दहाव्या-तेराव्याच्या गडबडीतही घरातल्या एका जाणत्या माणसाने हे पासबुक हातात घ्यावं, असं मला कळकळीने वाटतं.

‘फी थकली की मूळ कागदपत्रं अडकतात’ या भीतीनेही पुष्कळ मुलं गप्प राहतात. विद्यापीठ अनुदान आयोगाने 2018 मध्ये स्पष्ट सांगितलं आहे: मूळ प्रमाणपत्रं तपासून परत द्यायची, ती स्वतःकडे ठेवता येत नाहीत.

कर्जाबद्दल थोडक्यात. तारण नाही म्हणजे शैक्षणिक कर्ज नाही, असं नसतं. पतहमी योजनेखाली साडेसात लाखांपर्यंतचं कर्ज बँका तारणाशिवाय देतात आणि हप्ते अभ्यासक्रमानंतर सुरू होतात. व्याज मात्र त्या काळातही चढत राहतं, हे समजून सही करावी. मोबाइलवर पाच मिनिटांत पैसे देणाऱ्या अ‍ॅपच्या वाटेला अडचणीतल्या मुलाने जाऊच नये.

या सगळ्याला वेळ लागतो, म्हणून पहिला अर्ज पैशांचा नव्हे, मुदतीचा करावा. प्राचार्यांच्या नावे एक पान पुरे: काय घडलं, कोणत्या तारखेला, किती शुल्क राहिलं आहे आणि ते किती हप्त्यांत भरता येईल. सोबत डिस्चार्ज कार्ड, मृत्यूचा दाखला किंवा तलाठ्याचा पंचनामा यांपैकी जे असेल त्याची झेरॉक्स. अर्ज कार्यालयात देताना आपल्या प्रतीवर शिक्का आणि आवक क्रमांक घ्यावा. उत्तर आलं नाही तर तीच प्रत घेऊन विद्यापीठाच्या विद्यार्थी विकास मंडळाकडे जाता येतं.