पंचेचाळिसावा दिवस

मार्च लागला की सांगलीच्या कुपवाड एमआयडीसीतला छोट्या वर्कशॉपचा मालक लेथपेक्षा फोनवर जास्त वेळ असतो. 'साहेब, तेवढं बिल मार्चअखेर निघेल का?' पलीकडचं उत्तरही ठरलेलं: 'बघतो, एप्रिलमध्ये करू.' 2024च्या मार्चमध्ये मात्र फोन उलटे येऊ लागले. खरेदीदारच विचारत होता, 'तुमचं उद्यम रजिस्ट्रेशन आहे का? कुठल्या गटात?' आणि 'आहे' म्हटलं की समोरचा आनंदी होण्याऐवजी गप्प व्हायचा. सूक्ष्म-लघु उद्योगाची ही सरकारी नोंदणी रद्द करून घ्या असं खरेदीदार सुचवतात, माल परत पाठवतात, अशा तक्रारी तेव्हा देशभरातून येत होत्या.

या सगळ्याच्या मुळाशी आयकर कायद्याच्या कलम 43बीमध्ये घातलेलं एक नवं उपकलम होतं. सूक्ष्म किंवा लघु उद्योगाकडून घेतलेल्या मालाचे पैसे लेखी करार असेल तर जास्तीत जास्त 45 दिवसांत, नसेल तर 15 दिवसांत द्यायचे, हा नियम 2006 पासूनच्या एमएसएमई कायद्यात होताच. उशीर झाला तर बँकदराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज मागण्याचा हक्कही होता. पण ज्याच्यावर आपलं शेड चालतं त्याच्याकडे व्याज मागणार कोण? विट्याचा खर्चीवाला, म्हणजे मजुरीवर कापड विणून देणारा, यंत्रमागधारक सूत देणाऱ्या व्यापाऱ्याला नोटीस पाठवेल, तर पुढचं सूत त्याच्या शेजाऱ्याच्या दारात उतरेल. म्हणून सरकारने उधारीचा हिशेब खरेदीदाराच्या आयकराला जोडला.

समजा, एका भागीदारी फर्मने 15 जानेवारी 2024 रोजी पाच लाखांचे सुटे भाग घेतले. करार लेखी आहे. पंचेचाळिसावा दिवस म्हणजे 29 फेब्रुवारी. तो चुकला आणि 31 मार्चपर्यंतही पैसे गेले नाहीत, तर हे पाच लाख त्या वर्षीच्या खर्चात धरले जात नाहीत. 30 टक्के दराने दीड लाखाचा कर, वर उपकर. एप्रिलमध्ये बिल भागवलं की वजावट मिळते, पण पुढच्या वर्षीच्या हिशेबात. पैसा बुडत नाही, वर्षभर अडकून पडतो. यात आणखी एक पेच आहे. घाऊक आणि किरकोळ व्यापाऱ्यांना 2021 पासून उद्यम नोंदणी मिळते, ती फक्त बँकांच्या अग्रक्रम कर्जापुरती. त्यामुळे वसंतदादा मार्केट यार्डातला हळदीचा व्यापारी पैसे देताना या कलमात सापडतो. स्वतःचे पैसे अडकले की मात्र हे कलम त्याच्या कामाला येत नाही.

हेतू चांगला होता, असं माझं मत आहे. पण वेळेवर पैसे देण्याची सक्ती फक्त लहानांच्या बाबतीत केली, तर खरेदीदार मध्यम उद्योगाकडे नाहीतर नोंदणी नसलेल्याकडे वळेल, हे कळायला अर्थशास्त्राची पदवी लागत नाही. हा प्रश्न लोकसभेत विचारला जायला हवा होता.

तो विचारला गेला नाही. 1 फेब्रुवारी 2023च्या अर्थसंकल्पात ही तरतूद उघड मांडलेली होती, लपवलेली नव्हती. 13 मार्चला अधिवेशनाचा दुसरा टप्पा सुरू झाला. अदानी प्रकरणी संयुक्त संसदीय समिती नेमा, ही विरोधकांची मागणी. राहुल गांधींनी लंडनमधल्या वक्तव्याबद्दल माफी मागावी, ही सत्ताधाऱ्यांची. विरोधक हौद्यात उतरलेले, सत्ताधारी बाकांवरूनही घोषणा. याच गदारोळात 24 मार्चला वित्त विधेयक 64 सरकारी दुरुस्त्यांसह चर्चेविना मंजूर झालं. राहुल गांधींची खासदारकी रद्द झाली तीही त्याच दिवशी, त्यामुळे दुसऱ्या दिवशीच्या मथळ्यांत विधेयकाला जागा कुठून मिळणार? 27 तारखेला राज्यसभेनेही ते चर्चेविना परत पाठवलं.

त्या एका विधेयकात छोट्या धंद्याचं बरंच काही होतं. रोखीची जमा पाच टक्क्यांच्या आत असेल, तर अनुमानित कराची उलाढाल मर्यादा दोन कोटींवरून तीन कोटींवर गेली. 2017 पासून रखडलेल्या जीएसटी अपील न्यायाधिकरणाची तरतूद आयत्या वेळच्या दुरुस्त्यांतून आली. हे विधेयक मंजूर झालं तेव्हा सांगलीचे खासदार संजयकाका पाटील सत्ताधारी बाकावर होते आणि साताऱ्याचे श्रीनिवास पाटील विरोधी. पुढच्या वर्षी सांगलीने काँग्रेसकडे झुकलेले अपक्ष विशाल पाटील निवडले, साताऱ्याने भाजपचे उदयनराजे भोसले. दोन शेजारी जिल्ह्यांनी बाकं अदलाबदल केली, कलम होतं तिथेच राहिलं.

बाकं बदलली की करावरची मतंही बदलतात, याची आपल्याकडे जुनी परंपरा आहे. 1 एप्रिल 2005 रोजी महाराष्ट्रात व्हॅट आला तेव्हा इस्लामपूरचे जयंत पाटील अर्थमंत्री होते. भाजपशासित राज्यं तेव्हा बाहेर थांबली. 2011 साली काँग्रेस सरकारने जीएसटीचं घटनादुरुस्ती विधेयक मांडलं, तर भाजपशासित गुजरात आडवं गेलं. 2014 नंतर तेच विधेयक भाजपने आणलं आणि अडवणारी काँग्रेस झाली. मात्र त्या अडवणुकीत काही मुद्दे तरी होते. राज्याबाहेर जाणाऱ्या मालावरचा एक टक्का जादा कर काढा, ही काँग्रेसची मागणी मान्य झाली आणि 3 ऑगस्ट 2016 रोजी राज्यसभेने विरोधाच्या एकाही मताविना विधेयक संमत केलं. परराज्यात बेदाणा पाठवणाऱ्या तासगावच्या व्यापाऱ्याचा तो एक टक्का भांडणामुळेच वाचला, हे मान्य करायला हवं.

मुंबईत विधानसभेतला प्रकार तर गमतीचाच. मार्च 2022 मध्ये अर्थमंत्री अजित पवारांनी जुन्या विक्रीकराची वर्षाला दहा हजारांपर्यंतची थकबाकी माफ करणारी अभय योजना मांडली. समोर विरोधी पक्षनेते देवेंद्र फडणवीस. मार्च 2023 मध्ये अर्थमंत्री फडणवीस, विरोधी पक्षनेते पवार, आणि माफीची मर्यादा दोन लाख. जुलैत पवार त्याच सरकारात अर्थमंत्री होऊन परतले. योजना अर्थात चालूच राहिली. सातारच्या पेठेतल्या ज्या दुकानदाराची जुनी फाईल त्यात बंद झाली असेल, त्याला ती नेमकी कोणाच्या सहीने झाली हे आठवत असेल, असं मला वाटत नाही.

दिल्लीत 11 ऑगस्ट 2025 रोजी नवा आयकर कायदा लोकसभेपुढे आला. 1961चा कायदा बाजूला सारणारं हे विधेयक. लोकसभेच्या निवड समितीने त्याच्या आधीच्या मसुद्यावर 285 शिफारशी केल्या होत्या. विरोधक त्या दिवशी बिहारच्या मतदार याद्यांवरून आंदोलनात होते. काही मिनिटांत, चर्चेविना, आवाजी मतदानाने विधेयक मंजूर झालं. 1 एप्रिल 2026 पासून तो कायदा लागू. कलमांचे क्रमांक बदलले आहेत, त्यामुळे कर सल्लागारांना नवी पुस्तकं घ्यावी लागली. 45 दिवसांची अट नव्या कायद्यातही आली आहे.