मेगरचा काटा

सकाळी 6.15
इंझोरीच्या शिवारात दव पडलंय. हरभरा घाट्यावर आलाय, गव्हाचं शेवटून दुसरं पाणी बाकी आहे. मिस्त्री मोटरसायकल बांधाला लावतो. पिशवीत पक्कड, पाने, टेस्टर, टेपची बंडलं. मेगर मात्र वेगळ्या फडक्यात बांधलेला. काका स्टार्टरच्या पेटीपाशी उभे आहेत. या आठवड्यात लाइट रात्रीची, त्यामुळे डोळे लाल.

"साडेबाराले बंद पडली. फ्यूज बांधला, पुन्हा उडाला. जळली वाटते."

"जळली म्हनू नका आधी, काका. पाहू द्या."

6.30
मेन खाली. तिन्ही फ्यूज काढून मिस्त्री स्वतःच्या खिशात टाकतो. काम संपेपर्यंत ते तिथंच राहणार. मग केबलची टोकं सोडतो. मेगरची एक वायर टोकाला, दुसरी बोअरच्या लोखंडी पाइपला. हा मेगर हातानं फिरवायचा. मिनिटाला 160 च्या आसपास फेरे झाले की दांडा एका लयीत फिरतो आणि 500 व्होल्ट तयार होतात. तांब्याभोवतीचं प्लास्टिक या दाबाला किती अडवतं, ते काटा सांगतो.

काटा शून्यावर. दुसऱ्या कोअरलाही शून्य, तिसऱ्यालाही. तिन्ही कोअर खाली वायंडिंगमधून जोडलेल्याच असतात. एकाला लागलं की तिघांना लागतं.

वीज कुठूनतरी फुटते आहे. मोटरमधून की केबलमधून, ते वर बसून कळत नाही. पंप बाहेर काढावा लागणार.

7.30
चार माणसं घोडी घेऊन येतात. तीन पाय उभे करायचे, वर चेन कुप्पी अडकवायची. काढणं आणि सोडणं मिळून 1,600 रुपये. चौघांत 400-400. वीस फुटी पाइप एकेक करून वर येतो, आटे खुलतात, पाइप बाजूला. असे नऊ पाइप. लोखंड गार आहे, हात सुन्न होतात. पाइपला केबल जागोजागी दोरीनं बांधलेली. दोरी कापायचं काम मिस्त्री कोणाला देत नाही. सुरीचं टोक केबलला लागलं, तर नवीन जखम आपणच करतो.

8.45
मोटर बाहेर. मिस्त्री जॉइंट तोडतो आणि दोन्ही वेगळे तपासतो. आधी मोटर. काटा 60 मेगाओमवर थांबतो. एक मेगाओमच्या खाली असती तर ती पाण्यात सोडली नसती. मग केबल. शून्य.

"मोटर चांगली हाय, काका."

पाच एचपीची जळालेली मोटर नव्या तारेनं भरायला इथे 4,500 रुपये घेतात. रात्रीपासून काकांच्या डोक्यात तोच आकडा होता. ते खाली बसतात आणि तंबाखू काढतात.

आता केबल. मिस्त्री ओल्या फडक्यानं पुसत ती बोटांतून सरकवत जातो. चौथ्या पाइपाच्या जोडापाशी बोट अडतं. नखाएवढी जागा घासलेली, आत तांबं हिरवं पडलेलं. मोटर सुरू होताना पाइपाला पीळ बसतो. दर वेळी थोडा. जोडाच्या कडेवर तेवढीच घास.

मग तो वरचं टोक हातात घेतो. पेटीपासून बोअरपर्यंतचा हा तुकडा वर्षानुवर्षं उन्हात पडलेला. वाकवतो. कड्‌कन चीर जाते. पाण्यातला तुकडा तसाच वाकवतो. तो अजून मऊ. एकाच बंडलातून, एकाच दिवशी कापलेली केबल.

"वय सारखं, पन म्हातारपन येगळं," मिस्त्री म्हणतो.

हे तो तारापूरच्या अणुवीज केंद्रात शिकला. वाशिमच्या आयटीआयमधून वायरमन झाल्यावर तो एका ठेकेदाराकडे हेल्पर होता. शटडाऊनच्या कामावर मेगर धरायचा, आकडे मोठ्यानं सांगायचे. तारापूरचे पहिले दोन रिअॅक्टर 1969 पासूनचे, त्याच्या जन्माच्या कितीतरी आधीचे. अणुवीज केंद्रातही केबल सगळीकडे सारखी म्हातारी होत नाही. वाफेच्या पाइपाजवळ उष्णता, रिअॅक्टरजवळ किरणं, बाहेरच्या चरात पाणी. म्हणून जगात काही केंद्रांमध्ये त्याच केबलचे जादा तुकडे सर्वांत तापणाऱ्या जागी मुद्दाम टांगून ठेवतात. काही वर्षांनी त्यातला एक काढायचा, त्याचं वेष्टण तुटेपर्यंत ताणायचं. नवं वेष्टण लांबीच्या दोन-तीन पटींनी वाढतं. वाढ निम्म्या लांबीवर आली की त्याचं आयुष्य संपलं असं धरतात. वीज तोवर सुरळीत वाहत असते.

9.40
निघण्याआधी मिस्त्री आणखी एक गोष्ट करतो. काकांची केबल आणि त्यांच्या भावाची केबल एकाच खांबावरून, एकाच दोरीनं बांधून आणलेल्या आहेत. तो त्या सोडतो आणि हातभर अंतर ठेवून वेगळ्या बांधतो.

"एक पेटली का दुसरी बी जाते. मंग दोघायचंही पानी बंद."

उत्तर प्रदेशातल्या नरोरा अणुवीज केंद्रात 31 मार्च 1993 च्या पहाटे हेच मोठ्या प्रमाणावर झालं. टर्बाइनचं पातं तुटलं, हायड्रोजन पेटला, आग केबलींवरून पुढे गेली. नेहमीच्या पुरवठ्याच्या आणि आणीबाणीच्या केबली जवळजवळ होत्या, मध्ये आग अडवणारी भिंत नव्हती. दोन्ही गेल्या. सुमारे 17 तास केंद्रात वीज नव्हती. कर्मचाऱ्यांनी आग विझवण्याचे डिझेल पंप चालवून पाणी पोचवलं, टॉर्चच्या उजेडात वर चढून हातानं झडपा उघडल्या. किरणोत्सर्ग बाहेर पडला नाही. त्यानंतर देशातल्या केंद्रांमध्ये केबली वेगळ्या वाटेनं नेण्याचं आणि मध्ये आगरोधक अडसर घालण्याचं काम झालं.

10.30
रस्त्याकडेचं दुकान, दहा बाय बारा. मिस्त्रीचा पुतण्या आधीच आलेला, रोज 350 रुपये. मिस्त्री आधी रजिस्टर उघडतो. शाळेची लांब वही, पान काकांच्या बोअरचं. तीन वर्षांपूर्वी मोटर सोडली तेव्हा 200 मेगाओम. पुढच्या दिवाळीला 70. त्यानंतर रकाना कोरा. दोन वर्षं कोणी बोलावलं नाही. मोटर चालत होती.

200 चे 70 झाले तेव्हाच केबल काहीतरी सांगत होती. एकट्या 70 ला काही अर्थ नाही, 70 चांगलेच. आधीचे 200 लिहिलेले असतात म्हणून कळतं. मिस्त्री आकड्यापुढे वेळ आणि ऊन की गारवा तेही लिहितो, कारण दहा अंश तापलं की तोच मेगर साधारण निम्मा आकडा दाखवतो. तारापूरला एका मिनिटाचा आकडा घेत, मग दहा मिनिटांचा. दुसरा पहिल्याच्या दुप्पट आला तर माल कोरडा आणि निरोगी. तपासणी झाली की केबल अर्थ करायची, साठलेली वीज उतरवायची, मगच हात लावायचा. ती सवय इथेही आहे.

11.00
दुसऱ्या गिऱ्हाइकाची जळालेली मोटर टेबलावर. पुतण्या छिन्नीनं वायंडिंगचं तोंड उडवतो आणि काळी तार ओढून काढतो. जुनं तांबं भंगारात जातं, त्याचे पैसे गिऱ्हाइकाच्या बिलातून वजा होतात. नवी तार प्लास्टिकच्या पातळ वेष्टणाची, कारण ही मोटर पाण्यानंच भरलेली असते. ती एकेक फेरा खाचेतून ओवायची. पुतण्या इकडून ढकलतो, मिस्त्री तिकडून ओढतो. जोरात ओढलं तर वेष्टण खाचेच्या कडेला सोलतं. म्हणून तिथं अंगठा ठेवायचा. मिस्त्रीच्या अंगठ्याला तिथेच घट्टा पडलाय.

12.40
कोपऱ्यात पत्र्याची पेटी, आत 200 वॅटचे दोन बल्ब. विहिरीवरच्या मोनोब्लॉकला वॉर्निश लावून ती सुकायला ठेवलीय. मिस्त्री थर्मामीटर पाहून एक बल्ब बंद करतो. दहा अंश जास्त तापलं की वेष्टणाचं आयुष्य साधारण निम्मं होतं, असा या धंद्यात धरलेला हिशोब आहे.

याच हिशोबावर अणुवीज केंद्राच्या केबलची परीक्षा होते. चाळीस वर्षं वाट कोण पाहणार? नवी केबल भट्टीत आठवडेच्या आठवडे भाजतात, म्हणजे ती मुद्दाम म्हातारी करतात. मग कोबाल्ट-60 चे गॅमा किरण तिच्यावर सोडतात. मग अपघातात असेल तशी तापलेली, दाबाखालची वाफ. शेवटी वाकवून, पाण्यात बुडवून व्होल्टेज. एवढं सोसूनही तिनं फुटायचं नाही. अपघात पहिल्या वर्षी होईल की चाळिसाव्या, हे ठरलेलं नसतं. चाळिसाव्या वर्षीच्या केबलनंही अपघात आवरणाऱ्या झडपेपर्यंत वीज न्यायची असते.

1.30
भाकर, वांग्याची भाजी, ठेचा. जेवताना तीन फोन. तिन्ही सारखे: "मिस्त्री, मोटर जळली."

3.00
काकांची केबल. घासलेला भाग दोन्हीकडून हातभर कापून टाकला. उन्हातला कडक तुकडा काढला, जागी सहा मीटर नवी केबल, 110 रुपये मीटर. जॉइंटाला वेळ लागतो. तिन्ही कोअर कमी-जास्त लांबीवर कापायच्या, म्हणजे जोड शेजारी-शेजारी येत नाहीत. पितळी नळी, दाब, रबरी टेप ताणून, वर दुसरी टेप. घाई केली तर टेपखाली हवा राहते आणि हवेच्या जागी पाणी शिरतं.

झालेला जॉइंट बादलीत. टोकं बाहेर. तासभर तसाच.

अमेरिकेतल्या अणुवीज केंद्रांमध्ये जमिनीखालच्या केबली वर्षानुवर्षं साचलेल्या पाण्यात राहून निकामी होऊ लागल्या, तेव्हा तिथल्या नियामकानं 2007 मध्ये सगळ्या केंद्रांकडून अशा केबलींचा हिशोब मागवला. पाणी झिरपायला वेळ घेतं, पण झिरपतं.

4.10
बादलीतच मेगर. 150. मिस्त्री मान हलवतो.

4.45
घोडी पुन्हा उभी. पाइप खाली जातात. प्रत्येक जोडापाशी मिस्त्री जुन्या ट्यूबचा तुकडा केबलखाली घालतो, मग दोरी. वरच्या तुकड्यावर काकांच्या घरच्या जुन्या होजपाइपाचं कवच. त्याचे पैसे नाहीत. सगळं खाली गेल्यावर शेवटचा मेगर: 45. मग खिशातले फ्यूज बाहेर येतात.

6.30
दुकानात हिशोब. घोडी 1,600. केबल 660. टेप, नळ्या 240. मिस्त्रीचे 500. एकूण 3,000.

"मोटर नीट व्हती, तरी तीन हजार?" काका विचारतात.

"पोळ्याच्या आधी बोलावजा. शंभर रुपये घेतो, पंधरा मिनटाचं काम. आकडा घसरला तर तवाच सांगतो."

काका दोन हजार देतात. बाकी हरभरा निघाल्यावर. मिस्त्री रजिस्टरात लिहितो: 45, संध्याकाळ, गार. पुढे बाकी 1,000.

7.15
उद्याची यादी. सहा नावं. पाच जळालेल्या मोटरी, म्हणजे पाच वेळा घोडी आणि बरीचशी तार. सहावं नाव एका मावशीचं. त्यांची मोटर चालू आहे. गेल्या वर्षी आकडा 90 होता, तो आता किती आहे एवढंच त्यांना पाहायचंय. या कामाचे शंभर रुपये, आणि पेट्रोल त्यातलंच. मिस्त्री ते नाव खोडून यादीत सगळ्यात वर लिहितो. उद्या सकाळी सहाला आधी तिकडेच.